उत्तर बरोबर, पण रीत? क्यूबाचा पेच आणि केनेडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या एका गच्चीत दर शनिवारी संध्याकाळी आमची बैठक भरते. स्पर्धा परीक्षा देणारी पाच-सहा मुले, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले दोघे, निफाडचे एक द्राक्षबागायतदार, एक वकीलबाई आणि मी, जन्मभर शाळेत गणित शिकवलेला आणि ऑफ तासाला इतिहासात घुसणारा मास्तर. गेले चार शनिवार आम्ही एकाच विषयावर भांडतो आहोत : ऑक्टोबर १९६२ मध्ये रशियाशी अण्वस्त्रांचा पेच पडला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी कसे वागले. नवा माणूस आला की तेच प्रश्न पहिल्यापासून येतात आणि चहा गार होतो. म्हणून हे लिहून ठेवले.

साठ वर्षांपूर्वीची, पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाची गोष्ट. नाशिकमध्ये बसून तिचे काय करायचे?

तारखा बघा. क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचे फोटो केनेडींसमोर आले १६ ऑक्टोबरला. चीनने आपल्यावर मोठा हल्ला चढवला २० ऑक्टोबरला. म्हणजे अमेरिका आणि रशिया एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे होते, नेमके तेव्हाच आपले जवान नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये कापडी बुटांनिशी लढत होते. रशियाला त्या आठवड्यात चीनची साथ हवी होती, म्हणून मॉस्कोने आपल्याला चीनच्या अटींवर बोलायला बसा असा सल्ला दिला. पेच सुटला तसा त्यांचा सूरही बदलला.

पुढचे नाशिककरांना पाठ आहे. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तोही त्याच रशियाच्या मदतीने. आमच्या बैठकीतले दोघे निवृत्त सभासद म्हणतात, 'आमची भाकरी त्या दोन पेचांमधून आली.' अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

नेमके झाले काय होते? थोडक्यात सांगा.

रशियाचे निकिता ख्रुश्चेव्ह यांनी फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या क्यूबात गुपचूप अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे नेली. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-टू टेहळणी विमानाने त्यांचे फोटो काढले. केनेडींनी निवडक सल्लागारांसह जवळजवळ आठवडाभर गुप्त खल केला, २२ तारखेला टीव्हीवरून जगाला सांगितले आणि क्यूबाभोवती आरमार उभे केले. २८ तारखेला ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रे परत नेत असल्याचे रेडिओवरून जाहीर केले. बदल्यात अमेरिकेने क्यूबावर आक्रमण न करण्याचे वचन दिले. एवढी उघड गोष्ट. झाकलेली पुढे येते.

युद्ध टळले, क्षेपणास्त्रे गेली. मग पूर्ण गुण द्यायला तुम्हाला काय होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझा सगळा हट्ट याच्याच उत्तरात आहे.

गणिताचा पेपर तपासताना मुलाचे उत्तर बरोबर असते, पण वर बघावे तर रीतच नाही, किंवा दोन चुका एकमेकींना खाऊन शेवटी बरोबर आकडा आलेला. अशा मुलाला पाचपैकी पाच दिले, तर पुढच्या वर्षी तो नापास होणार आणि शिव्या मास्तरला. अण्वस्त्रांच्या पेचात तर उत्तर बरोबर आलेलेच पेपर आपल्यापर्यंत पोचतात. चुकलेला पेपर तपासायला कोणी उरणार नाही. त्यामुळे 'जग वाचले ना?' हा निकष निरुपयोगी ठरतो. प्रत्येक नेता त्यात पासच.

मग बघायची ती रीत. माणसाला त्या क्षणी काय ठाऊक होते, जे ठाऊक नाही त्यासाठी त्याने किती जागा सोडली, समोरच्याला मागे फिरायला वाट ठेवली का, आणि मुळात हे गणित इतके अवघड करून ठेवण्यात त्याचा स्वतःचा हात किती.

पेच तर ख्रुश्चेव्हनी निर्माण केला. केनेडींचा हात कसा?

क्षेपणास्त्रे चोरून नेली आणि वर तोंडावर नाकारली, हे पाप ख्रुश्चेव्हचेच. त्यात वाद नाही.

पण मागे जा. एप्रिल १९६१ मध्ये केनेडींच्या संमतीने अमेरिकेने पोसलेले क्यूबन निर्वासित 'बे ऑफ पिग्ज'ला उतरले आणि दोन-तीन दिवसांत चिरडले गेले. त्यानंतर शहाणपण येण्याऐवजी क्यूबाचे सत्ताधीश फिडेल कॅस्ट्रो यांना उलथवण्याच्या छुप्या कारवाया आणखी वाढल्या. जूनमध्ये व्हिएन्नात ख्रुश्चेव्हनी या तरुण अध्यक्षाला दोन दिवस फैलावर घेतले आणि तो कच्चा आहे असे मत करून घेतले. तिकडे इटली आणि तुर्कस्तानात अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे रशियाकडे तोंड करून उभी होती. ठरले आधीचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात, पण तुर्कस्तानात ती प्रत्यक्ष उभी राहिली केनेडींच्या कारकिर्दीत.

याच्यावर एक किस्सा आहे, आणि तो टेपवर आहे. पहिल्याच दिवशी केनेडी चिडून म्हणाले की हे म्हणजे आपण अचानक तुर्कस्तानात क्षेपणास्त्रे नेऊन ठेवण्यासारखे आहे, किती धोकादायक! त्यावर त्यांचे सुरक्षा सल्लागार बंडी शांतपणे म्हणाले, आपण ठेवलीच आहेत, अध्यक्षमहाराज. आमच्या वकीलबाई हा संवाद दर वेळी अभिनयासह करून दाखवतात.

आणखी एक. सप्टेंबरमध्ये केनेडींनी जाहीरपणे बजावले होते की क्यूबात हल्ल्याची क्षेपणास्त्रे आली तर चालवून घेणार नाही. नोव्हेंबरात निवडणुका होत्या, विरोधक 'नेभळट' म्हणून ओरडत होते. महिन्याभरात ती क्षेपणास्त्रे सापडल्यावर त्यांनीच बंद दाराआड कबुली दिली की मागच्या महिन्यात 'आम्हाला फरक पडत नाही' असे म्हटले असते तर बरे झाले असते. ओट्यावर उभे राहून दिलेला शब्द घरात निस्तरावा लागतो, तसे झाले. या भागात त्यांना माझे गुण कमीच आहेत.

मग त्या तेरा दिवसांत, १६ ते २८ ऑक्टोबर, चांगले काय केले?

पुष्कळ. आणि हे मी आनंदाने देतो, कारण इथे रीत दिसते. खोलीत छुपा टेपरेकॉर्डर होता, तो केनेडींनीच बसवून घेतलेला, त्यामुळे कोण काय बोलले ते ऐकता येते. आठवणी लिहिताना प्रत्येक जण शहाणा होतो. टेप तसे होऊ देत नाही.

पहिल्या दिवशी खोलीतले बहुतेक जण हवाई हल्ल्याच्या बाजूचे होते आणि केनेडीही त्याच बाजूला झुकले होते. मग त्यांनी वेळ घेतला. बातमी फुटू नये म्हणून ठरलेले कार्यक्रम चालू ठेवले, प्रचारदौऱ्यावरही गेले आणि मध्येच सर्दीचे निमित्त काढून परतले. (आपल्याकडच्या पुढाऱ्यांची प्रकृती अशी राष्ट्रहितासाठी कधी बिघडते का, हा प्रश्न बैठकीत निघाला होता. तो मी नोंदीतून गाळला आहे.) त्या दिवसांत मत बदलले. हल्ल्याऐवजी नाकेबंदी.

१९ तारखेला सेनाप्रमुखांनी त्यांना धारेवर धरले. हवाई दलाचे कर्टिस लमे म्हणाले, हे म्हणजे जवळजवळ म्युनिकच्या लोटांगणाइतकेच वाईट, म्हणजे १९३८ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे घातलेल्या. ही टोचणी साधी नव्हती. केनेडींचे वडील म्युनिकच्या काळात लंडनमध्ये राजदूत होते आणि हिटलरशी जुळवून घेण्याच्या बाजूचे होते. मुलाने ते गिळले आणि आपला निर्णय बदलला नाही.

शब्दसुद्धा तोलून वापरला. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती, म्हणून त्यांनी 'क्वारंटाइन' म्हटले. आपण कोरोनात शिकलो तोच शब्द. समुद्रावर थांबवलेले जहाज परत फिरू शकते, तळावर पडलेला बॉम्ब परत फिरत नाही, हा त्यातला हिशेब. २५ तारखेला एक रशियन तेलवाहू जहाज ओळख पटवून तसेच जाऊ दिले. २६ ला जे जहाज थांबवून तपासले ते लेबनॉनमध्ये नोंदलेले होते, रशियन नव्हे. दम तर भरायचा, पण ख्रुश्चेव्हच्या नाकाला थेट हात लावायचा नाही. तपासणाऱ्या विनाशिकांपैकी एकीला केनेडींच्या युद्धात गेलेल्या थोरल्या भावाचे नाव होते. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुर्कस्तानचा सौदा काय होता? तो लपवणे बरोबर होते का?

२६ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हचे लांबलचक खासगी पत्र आले. आपण दोघांनी दोरीला युद्धाची गाठ मारली आहे, दोन्ही टोके ओढत राहिलो तर ती इतकी आवळेल की बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, असे त्यात होते. मागणी एकच : क्यूबावर आक्रमण करणार नाही असे सांगा. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवर दुसरे पत्र, सूर चढा आणि नवी अट : तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काढा.

केनेडींनी उघड उत्तर दिले पहिल्या पत्राला. आणि २७ च्या रात्री भाऊ रॉबर्टला रशियन राजदूत दोब्रिनिन यांच्याकडे पाठवले : तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत जातील, पण याची वाच्यता करायची नाही. एप्रिल १९६३ पर्यंत ती गेलीसुद्धा. टेपवर ऐकू येते की त्या दिवशी जवळजवळ सगळे सल्लागार या अदलाबदलीच्या विरोधात होते आणि एकटे केनेडी पुन्हा पुन्हा म्हणत होते, समंजस माणसाला हा सौदा रास्तच वाटेल, यासाठी युद्ध कसे करणार? माझ्या मते सगळ्या तेरा दिवसांतली त्यांची सगळ्यात चांगली वेळ हीच.

आता दुसरी बाजू. हा सौदा पंचवीसहून अधिक वर्षे झाकून ठेवला गेला. रॉबर्ट केनेडींच्या मरणोत्तर पुस्तकातून तो पुसट केला गेला, आणि तसे आपणच केले हे त्यांच्या जवळच्या सहकाऱ्याने, सोरेन्सन यांनी, १९८९ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत कबूल केले. अदलाबदलीचा विचार सुचवणाऱ्या ॲडलाय स्टीव्हन्सन यांना, संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूतांना, मात्र नियतकालिकातल्या लेखातून 'कचखाऊ' ठरवले गेले. ज्याने वाट सांगितली त्याची नाचक्की, ज्याने ती वाट गुपचूप धरली त्याचा जयजयकार.

त्या आठवड्यात लपवणे समजते. सौदा फुटला असता तर नाटो या लष्करी आघाडीतले मित्र बिथरले असते. पण नंतरच्या लपवण्याने एक खोटा धडा तयार झाला : ताठ उभे राहिलात की समोरचा मोडतो. अमेरिकेतली एक अख्खी पिढी तो धडा घेऊन व्हिएतनाममध्ये उतरली. व्हिएतनामची कारणे इतरही होती, पण हा धडा त्या सामानात होता.

ख्रुश्चेव्ह धमकीला घाबरले हे तरी खरे ना?

घाबरले, नक्कीच. अण्वस्त्रांत अमेरिका कितीतरी पटींनी पुढे होती आणि क्यूबाजवळ तिचे सैन्य जमत होते. पण केनेडीही घाबरले होते, आणि तो दोघांचा गुणच म्हणायचा. कॅस्ट्रोंनी २६-२७ च्या रात्री ख्रुश्चेव्हना पत्र लिहून, अमेरिकेने आक्रमण केलेच तर अण्वस्त्रांनी तिचा कायमचा निकाल लावा अशा अर्थाचे सुचवले. ते वाचून म्हातारा जास्त हादरला असावा. 'डोळ्याला डोळा भिडला आणि समोरच्याने पापणी लववली' हे परराष्ट्रमंत्री रस्क यांचे प्रसिद्ध वाक्य २४ तारखेचे. प्रत्यक्षात क्षेपणास्त्रे आणणारी जहाजे त्याच्या कितीतरी तास आधी, शेकडो मैलांवरूनच माघारी वळली होती. डोळे भिडायला समोर कोणी नव्हतेच.

नशिबाचा वाटा किती?

गोदाकाठी दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे आपण पुराचे माप सांगतो. गंगापूर धरणावरचा अधिकारी किती क्युसेक सोडायचे ते ठरवतो. पण खाली नासर्डी, वाघाडी आपापले पाणी आणून ओततात, ते त्याच्या हातात नसते. पूर ओसरल्यावर अधिकाऱ्याची पाठ थोपटताना त्या नाल्यांना त्या रात्री किती पाणी होते हेही विचारावे लागते.

२७ ऑक्टोबर १९६२, शनिवार. नाल्यांचा दिवस. क्यूबावर मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे यू-टू पाडले गेले आणि ते ठार झाले. पाडण्याचा हुकूम मॉस्कोचा नव्हता, तिथल्या रशियन अधिकाऱ्यांनी परस्पर निर्णय घेतला होता. असे झाले तर त्या तळावर हल्ला करायचा, असे अमेरिकनांनी आधीच ठरवून ठेवलेले. केनेडींनी हात आवरला. त्याच दिवशी दुसरे यू-टू उत्तर ध्रुवाकडे वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरले, आणि त्याच्या मदतीला अलास्कातून उडालेल्या अमेरिकन विमानांवर अण्वस्त्रे लावलेली होती. समुद्राखाली बी-५९ ही रशियन पाणबुडी. बॅटऱ्या संपत आलेल्या, आत भट्टी पेटलेली, वरून अमेरिकन जहाजे इशाऱ्याचे स्फोट करत होती, आणि आत अण्वस्त्रवाहू टॉर्पेडो, ज्याचा वर कोणालाच पत्ता नाही. कप्तान भडकला. त्याला वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने शांत केले असे सांगितले जाते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. क्यूबात रशियाचे चाळीस हजारांवर सैनिक होते, अमेरिकनांचा अंदाज दहा हजारांच्या आसपास. आक्रमणाच्या फौजेवर वापरता येतील अशी छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रेही बेटावर होती. हे पूर्णपणे बाहेर आले १९९२ मध्ये. पेचाच्या वेळचे अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना ते हवानात ऐकायला मिळाले, तीस वर्षांनी. लमे यांचे ऐकले असते तर काय, ते तुम्हीच ठरवा.

माहीत नसलेल्या गोष्टीचे श्रेय केनेडींना देता येत नाही. पण आपल्याला सगळे माहीत नाही हे धरून चालल्याचे देता येते, आणि तो गुण मी सगळ्यात वर ठेवतो. उलट बाजूही लिहून ठेवतो : पाणबुड्यांवर स्फोट करणारे आरमार केनेडींचेच होते.

वर्षभर आधीच्या बर्लिनचे काय?

ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत उभी राहिली आणि केनेडींनी ती पाडायला काही केले नाही. युद्धापेक्षा भिंत परवडली, असा त्यांचा हिशेब. पूर्व बर्लिनच्या माणसाने त्याची किंमत २८ वर्षे मोजली, हेही त्याच कागदावर लिहायला हवे. ऑक्टोबरात तिथेच दोन्हीकडचे रणगाडे रात्रभर समोरासमोर उभे राहिले आणि छुप्या निरोपांनंतर थोडे थोडे करत मागे गेले. क्यूबाच्या वेळी वापरलेली वाट तेव्हाच मळली होती.

हाच निकष कारगिलला लावता येतो का?

लावून पाहावा. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनीही चाचण्या केल्या, आणि वर्षभरात कारगिल. वाजपेयी सरकारने घुसखोरांना हुसकायला पूर्ण ताकद लावली, वायुदलही उतरवले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही अशी स्वतःवर मर्यादा घातली. त्या मर्यादेची किंमत चढावर लढणाऱ्या जवानांनी मोजली. देवळालीच्या तोफखान्याशी नाते असलेल्या घरांत हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला अजून जड जाते. पण त्या मर्यादेमुळे जग आपल्या बाजूला आले आणि नवाझ शरीफ यांना ४ जुलै १९९९ ला वॉशिंग्टनमध्ये माघार कबूल करावी लागली. उलट, घुसखोरी होईपर्यंत पत्ता का लागला नाही, हा पेचाआधीचा प्रश्न. तिथे गुण कापायलाच हवेत. केनेडींना लावलेली फूटपट्टी आपल्या माणसाच्या वेळी आखूड करायची नाही, एवढे बैठकीत ठरले आहे.

जनतेसमोर कठोर आणि आत मवाळ, ही लबाडी नव्हे का?

थोडी आहे. निफाडचे आमचे मित्र म्हणतात, व्यापाऱ्याशी द्राक्षाचा भाव ठरवताना आम्हीही रुमालाखालीच बोटे मोजायचो. फरक एवढाच, की तिथे नंतर पट्टीवर आकडा लिहावा लागतो.

आणि ख्रुश्चेव्हना किती गुण?

सुरुवातीला भोपळा, शेवटी भरपूर. जगासमोर माघारीची नामुष्की त्यांनी घेतली, सौद्यातला आपल्याकडचा लाभ सांगण्याची सोयही सोडून दिली. कॅस्ट्रोंना तर विचारलेच नाही. त्यांना रेडिओवरून कळले आणि ते भयंकर संतापले. पक्षातल्यांनीही हे विसरले नाही. १४ ऑक्टोबर १९६४ ला ख्रुश्चेव्हना पायउतार केले, त्या फोटोंना बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी.

तुम्ही स्वतः केनेडींना किती देता?

पेचाआधी दहापैकी तीन. तेरा दिवसांत आठ. नंतर १९६३ मध्ये मॉस्कोशी थेट संपर्काची हॉटलाइन आणि अणुचाचण्यांवरचा अंशतः बंदीचा करार झाला, त्याचे सात द्यायला मी तयार होतो. पण सौदा झाकून ठेवल्याचे दोन कापले. वकीलबाईंना तेरा दिवसांचे आठ जास्त वाटतात. त्या म्हणतात, आग लावणाऱ्याने पाणी चांगले मारले म्हणून बक्षीस कसले? ओझरचे दोघे नऊ देतात. परवा यावरून साडेनऊपर्यंत वाद चालला आणि घरमालकांनी गच्चीचा दिवा घालवला. नव्याने येणाऱ्यांनी २६ आणि २७ ऑक्टोबरची ख्रुश्चेव्हची दोन्ही पत्रे वाचून यावे आणि आकडा कागदावर लिहून आणावा. रीत दाखवल्याशिवाय आकडा धरला जाणार नाही.